रडणं बदलेपर्यंत

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१२ मे १९८६, सोमवार

प्रिय दादा,

तुला, मृणालिनी वहिनीला आणि बोर्डिंगच्या सगळ्या मुलांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही तिघं इथे ठीक आहोत. एकनाथची लॅबची नोकरी व्यवस्थित चालू आहे. दीपा अकरा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागते. या आठवड्यात माझी ड्यूटी दुपारी तीनला सुरू होते, म्हणून ती शाळेत गेल्याबरोबर लिहायला बसले. कपाळाला तीन टाके आहेत, त्यामुळे मान खाली घातली की जरा ओढ बसते. त्याचं पुढे लिहिते.

परवाची तार मिळालीच असेल. "शामवेलला ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या, थांबू नका, पत्र मागाहून." तुला रागच आला असेल. धाकटी बहीण परदेशात बसून पाळकसाहेबांना हुकूम सोडते! हुकूमच होता, दादा.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाण्याच्या टँकरचं लिहिलं आहेस, देवळाला नवी बाजाची पेटी आली ते लिहिलं आहेस, आणि शेवटी चार ओळी. राहेलच्या शामवेलने कोठीतून गूळ घेतला, कबूल होईना, म्हणून टेपमध्ये सांगितल्याप्रमाणे शिस्त लावली. तीन दिवस झाले, मांड्या सुजल्या आहेत, लघवी काळपट होते, उन्हाळ्याची असेल. वेगळ्या खोलीत निजवून प्रार्थना चालू आहे. त्याच्याच खाली, "कॅसेटींचा फार उपयोग होतो, आणखी असतील तर पाठव."

पत्रावर तारीख एकोणतीस एप्रिल. मी तार केली तेव्हा अकरा दिवस होऊन गेले होते. नर्स आहे मी, अकरा दिवसांत काय होतं ते मला कळतं. तरी फोनवरून तार केली, कारण दुसरं काही हातात नव्हतं आणि हात स्वस्थ बसत नव्हते.

ती लघवी उन्हाळ्याची नाही. एकाच जागी मार बसत राहिला की आतलं मांस ठेचलं जातं. त्यातलं विष रक्तात उतरतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. मग किडन्या बंद पडतात. वरून नुसती सूज दिसते. मूल झोपाळू होतं आणि आपल्याला वाटतं, चला, शांत झालं.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. सव्वीस एप्रिलला शनिवारी दुपारी चार वाजता ते डोळ्यांनी पाहिलं.

डेल प्रुइट आपल्या मुलीला दोन्ही हातांवर घेऊन आमच्या इमर्जन्सीत आला. डेल आमच्याच मंडळीतला, प्लंबर. गेल्या थंडीत आमच्या घराचा पाइप फुटला तेव्हा रविवारचा धावत आला होता आणि जाताना तळघर पुसूनही गेला होता. मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. बेथनी सात वर्षांची, माझ्या संडे स्कूलच्या वर्गात बसायची. पुढचे दोन दात पडलेले. गाणं म्हणताना त्या फटीतून शिटी वाजायची आणि बाकीची मुलं हसायची.

आम्ही तिचा फ्रॉक कात्रीने कापला. कमरेपासून गुडघ्यांच्या मागपर्यंत पोर काळीनिळी होती. कातडी तट्ट फुगलेली, चकाकत होती, चार-पाच ठिकाणी फुटून कापडाला चिकटली होती. ओकच्या लाकडी पट्टीचे वळ एकावर एक इतके बसले होते की एकेक वेगळा दिसत नव्हता. तळहातावरही होते, म्हणजे तिने हात मागे नेले होते. दोन बोटं मोडली होती. मी लघवीची नळी घातली आणि पिशवीत काळ्या चहासारखी लघवी उतरली.

डेल भिंतीला टेकून उभा होता. मला म्हणाला, "ती रडेचना, मिस विनीता. सकाळी नऊपासून. मध्ये दोनदा थांबून आम्ही गुडघे टेकले. पास्टर सांगतात ना, रडणं बदलेपर्यंत थांबायचं नाही. पण ती रडलीच नाही. मग बदलणार काय?"

तो मला खरंच विचारत होता, दादा. मला उत्तर माहीत असेल असं त्याला वाटत होतं.

कशासाठी म्हणशील, तर पाठ केलेलं वचन म्हणून दाखवायला तिने नाही म्हटलं.

आमचे पास्टर ट्रेंट. त्यांचे ते चार उपदेश तुझ्याकडे आहेतच. आपल्या लहानपणी उपदेश म्हणजे काय होतं, आठव. अप्पा पहिल्या बाकावर ताठ बसून झोपायचे आणि आपण छपराच्या वाशांवरच्या चिमण्या बघायचो. इथे आल्यावर पहिली सात वर्षं आम्ही एका मोठ्या चर्चला जात होतो (इथल्या चर्चलाही मी अजून देऊळच म्हणते). तिथले पास्टर फुटबॉलचे विनोद करून बारा मिनिटांत आटोपायचे. लोक खूश. जेवायला वेळेवर घरी. मी मात्र उपाशीच घरी यायची. मग कोणीतरी ट्रेंट यांच्याकडे नेलं. तो माणूस पाऊण तास घाम गाळत बोलायचा. सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते सांगायचा. नवऱ्याशी कसं, पैशाचं कसं, पोरांचं कसं. लोक वह्या घेऊन यायचे. मिसेस हॉलोवे तर दोन रंगांची पेनं आणायच्या. डेल टेप ट्रकमध्ये लावून कामावर जायचा. आम्ही सगळे हेच म्हणायचो, हा खरा उपदेश, याचा उपयोग होतो.

मागच्या टेबलावर कॅसेटी असायच्या, आणि कॅसेटींशेजारी पट्ट्या. मंडळीचा कारभार बघणारे डीकन हॉलोवे आपल्या गराजमध्ये त्या तासून आणायचे, मुठीची जागा गुळगुळीत घासलेली. आमच्याकडेही एक होती.

पास्टर साडेपाचला हॉस्पिटलात आले. मला कॉरिडॉरच्या टोकाला घेऊन गेले आणि माझं मनगट धरलं. म्हणाले, "सिस्टर, डेल घाबरलाय. बेथनी झाडावरच्या घरातून पडली, हे सांगायचं तो विसरला. तुम्ही आपल्या आहात."

मी म्हटलं, "मी तिचे कपडे कापलेत, पास्टर."

"जगाच्या डॉक्टरांना देवाच्या घरातलं कळत नाही," ते म्हणाले. बोटं इतकी घट्ट होती की माझं घड्याळ आत रुतलं. मी हात सोडवून घेतला आणि जाऊन चार्टवर सगळं लिहिलं. डेलचे शब्द जसेच्या तसे, खाली वेळ, खाली सही. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला.

बेथनी नऊ दिवस मशीनवर होती. पाच मेला गेली. शेवटपर्यंत रडली नाही.

काल इथे मदर्स डे होता. देवळाच्या दारात बायकांना फुलं देतात. आई जिवंत असेल तर लाल, नसेल तर पांढरं. मला पांढरं मिळालं. बेथनीची आई, लिंडा, पहिल्या बाकावर होती. पास्टरांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, बघा, सरकार एका देवभीरू बापाला तुरुंगात टाकतंय आणि या आईच्या जखमेवर मीठ चोळतंय. मग पाऊण तास मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांवर उपदेश. लोक आमेन म्हणत होते. मिसेस हॉलोवे लिहून घेत होत्या. लिंडाची पाठ मला दिसत होती. ती आमेन म्हणत नव्हती.

मी उभी राहिले. कशी ते माहीत नाही. म्हटलं, "ती पडली नव्हती. डेल मला म्हणाला, ती रडली नाही म्हणून मी थांबलो नाही. हे त्याला इथून शिकवलं. मी इथेच बसून ते वहीत उतरवलं."

 मग हॉलोवे मागून आले आणि माझा हात पाठीमागे पिरगळून मला बाकांमधून ओढत न्यायला लागले. मागून एक बाई ओरडली, "आपल्या देशात परत जा!" दाराच्या चौकटीवर माझं कपाळ आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, म्हणून पुढचं नीट दिसलं नाही. दीपा बाकांवरून उड्या मारत आली आणि तिने हॉलोवेंच्या मनगटाला चावा घेतला. ते किंचाळले. तिच्या कानशिलात मारली, तरी तिने दात सोडले नाहीत. एकनाथ बाकावर बसूनच होता, मांडीवर उपासनेचं छापील बुलेटिन. एक म्हातारे गृहस्थ टोपी घालून उठले आणि निघून गेले, त्यांच्यामागे पाच-सहा जण. बाकीच्यांना पास्टरांनी गीताचा नंबर सांगितला आणि ते गायला लागले.

दीपा बरी आहे. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दादा, कॅसेटी जाळ. माझ्या हातच्या भाषांतराच्या दोन्ही वह्या जाळ. एकाही पोराला हात लावू नकोस आणि दुसऱ्या कोणाला लावू देऊ नकोस. शामवेलला काय झालं ते कळव, काहीही झालं असलं तरी. राहेल आणि मी चौथीपर्यंत एका फळ्यासमोर बसलो होतो. तिचा तो एकुलता एक आहे.

एक ओळ लिही, पण खरी लिही.

विनीता


कॅरी
२० ऑक्टोबर १९८६, सोमवार

दादा,

तुला आणि वहिनीला सलाम.

मी मेमध्ये लिहिलं आणि तुझं उत्तर सप्टेंबरात आलं. मध्ये वहिनीचा एअरोग्राम आला नसता, तर मी चार महिने त्या पोराला मेलेलं समजून काढले असते. तिने पाचच ओळी लिहिल्या होत्या. शामवेल जिवंत आहे, पुण्याला आहे, मीच नेलं, यांनी नाही म्हटलं तरी नेलं, एसटीत माझ्या मांडीवर झोपवून. वहिनीला माझा वेगळा सलाम सांग. तुला सांगायला जड जाईल, तरी सांग.

तुझी नऊ पानं मी तीनदा वाचली. त्यातलं खरं तेवढं वेगळं काढून लिहिते, म्हणजे चूक असेल तर सांगता येईल. मारलंस ते तू स्वतः. दुपारच्या उपासनेनंतर, कार्यालयात, दार लावून. शामवेल बारा वर्षांचा. दोन महिने पुण्याच्या हॉस्पिटलात होता, एक किडनी गेली, उजवा पाय ओढतो. डॉक्टरांना तू सांगितलंस की चिंचेवरून पडला. राहेललाही तेच सांगितलंस. ती तुझ्या पाया पडली आणि म्हणाली, पाळकसाहेब, तुम्ही होतात म्हणून माझं लेकरू वाचलं. हे तूच लिहिलं आहेस. लिहिताना तुझं अक्षर बिघडलं आहे.

बाकीच्या पानांत शास्त्र आहे. देवाच्या सेवकावर बोट ठेवू नये, कोर्टात मंडळीची धुणी धुऊ नयेत, सैतानाला तेच हवं असतं. आणि सातव्या पानावर तू माझंच जुनं पत्र कापून चिकटवलं आहेस, गेल्या ऑक्टोबरचं. "हे खरं आहे दादा, मी स्वतः अनुभव घेतला आहे." खाली चार रेघा ओढून विचारलंस, "तू कोणता अनुभव घेतला होतास? तू तुझ्या मुलीला हात लावला नव्हतास काय?"

लावला होता.

मागच्या पत्रात मी लिहिलं, "आमच्याकडेही एक पट्टी होती." एवढंच लिहून पुढे गेले. आता सांगते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरचा दुसरा रविवार. दीपा दहा वर्षांची होती. उपदेश चालू असताना तिने बुलेटिनच्या मागे पेन्सिलीने रेघा मारल्या. पास्टर ओरडले की एक उभी रेघ, पाचवी आडवी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, "तो मोठ्याने बोलतो तेव्हा मला काही ऐकू येत नाही." तो कागद पास्टरांच्या बायकोच्या हाती लागला. कॉफीच्या टेबलापाशी, दहा-बारा बायकांसमोर, तिने तो हसत हसत वाचून दाखवला आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही तुमच्या मुलीसाठी प्रार्थना करू, हनी." त्या सगळ्यांत मी एकटी काळी. बारा वर्षं मी धडपडत होते की कोणाला आपल्याकडे बोट दाखवायला जागा मिळू नये.

घरी आल्यावर एकनाथला सांगितलं की मी आज दीपाला शिस्त लावणार. तो उठला. मागच्या अंगणात गेला आणि गवत कापायचं मशीन सुरू केलं. ऑक्टोबरात आमचं गवत वाढत नाही.

मी रागात नव्हते. टेपमध्ये सांगितलं आहे, रागात मारायचं नाही. मी आधी हात धुतले, इंजेक्शन द्यायच्या आधी धुते तसे. तिला पलंगावर पालथं झोपायला सांगितलं. मग मोजायला लागले. पहिल्या दहापर्यंत ती "नो मम्मी, नो मम्मी" ओरडत होती. टेपमध्ये सांगितलं आहे, हे रागाचं रडणं, याला फसू नका. तेराव्याला ती पलंगाखाली शिरली. मी पाय धरून बाहेर ओढली. तिची नखं गालिच्यात अडकली, एक मुळापासून उखडलं. मी तिच्या पाठीवर गुडघा ठेवला. वीस. तीस. ओठ फुटला होता, चादरीला रक्त लागलं. माझा हात भरून आला म्हणून मी पट्टी डाव्या हातात घेतली. बाहेर मशीनचा आवाज चालूच होता. एक्केचाळिसाव्याला रडणं बदललं. बारीक झालं, लांबलं, तान्ह्या मुलासारखं झालं.

मी पट्टी टाकली, तिला छातीशी घेतलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आनंदाचं, दादा. पास्टर म्हणाले तसंच झालं होतं. माझं मूल मला परत मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तिला ताप आहे म्हणून शाळेत कळवलं आणि ती झोपलेली असताना ती चौथी कॅसेट लावून भाषांतर पुरं केलं. पास्टरांचा शब्द होता, इच्छा मोडेपर्यंत. मराठीत ते कठोर वाटलं, म्हणून मी लिहिलं, "मूल मऊ होईपर्यंत." तू शामवेलला मारलंस ते माझ्या शब्दांवर मारलंस. तू म्हणतोस ते खरं आहे. मी ते नाकारत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी डेलचा खटला चालला. मी साक्ष दिली. त्याच्या वकिलाने मला विचारलं, "तुमच्या घरी अशी पट्टी आहे का, मिसेस रणभिसे?"

"होती. मी ती पोलिसांना दिली."

"वापरली होती?"

"हो."

"कोणावर?"

"माझ्या मुलीवर."

"किती वेळा मारली?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उभे राहिले, पण मी तोवर सांगून टाकलं होतं. एक्केचाळीस. ज्यूरीतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. डेलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्यासारखंच कोणीतरी दिसलं की माणूस बघतो तसं त्याने पाहिलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. दोघांमध्ये फरक एवढाच होता की माझी मुलगी घरी होती.

डेलला चौदा वर्षांची शिक्षा झाली. पास्टर ट्रेंटवर काहीच नाही. त्यांनी हात लावला नव्हता, फक्त बोलले होते. त्यांची मंडळी आता आधीपेक्षा मोठी आहे, पार्किंगला जागा पुरत नाही. कॅसेटींना नवं कव्हर आलं आहे. लिंडा धाकट्या मुलाला घेऊन बहिणीकडे निघून गेली. आमच्या पुढच्या खिडकीवर दोनदा दगड आले. एकदा काच एकनाथच्या मानेत शिरली. त्याने ती स्वतः चिमट्याने काढली आणि मला म्हणाला, "मी त्या दिवशी मशीन बंद करायला हवं होतं." एवढंच. आम्हा दोघांत त्यावर अजून बोलणं झालेलं नाही.

माझ्या साक्षीमुळे काउंटीच्या बालकल्याण खात्याची एक बाई दर पंधरा दिवसांनी घरी येऊन दीपाशी एकटीशी बोलते. बरोबर आहे. यायलाच हवी.

साक्ष झाली त्या दिवशी घरी येऊन मी दीपाला किचनच्या टेबलापाशी बसवलं आणि सांगितलं की मी कोर्टात सगळं सांगितलं आहे. तिची माफी मागितली. म्हटलं, "मला वाटलं होतं तुझं रडणं बदललं म्हणजे तू बदललीस."

ती इंग्रजीत बोलली. मी मराठीत लिहिते. भाषांतर करायला मला आता भीती वाटते, पण हे तुला कळायला हवं.

ती म्हणाली, "ते मीच बदललं, मम्मी. तू इथे बसून ती टेप मागे नेऊन नेऊन ऐकायचीस ना, मी तिकडे होमवर्क करत असायचे. रागाचं रडणं कसं असतं आणि दुसरं कसं, तो माणूस आवाज काढून दाखवायचा. तू कशाची वाट बघतेयस ते मला माहीत होतं."

मी विचारलं, "मग आधीच का नाही केलंस?" असं काही आईने विचारायचं असतं का, दादा? पण माझ्या तोंडून निघालं.

"आधी आठवलंच नाही. मार बसत असताना आठवायला वेळ लागतो." मग म्हणाली, "बेथनीच्या घरी टेप फक्त तिचे डॅड ट्रकमध्ये ऐकायचे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले. तिने हात टेबलाखाली घेतला. मी म्हटलं, "मदर्स डेला तू मला सोडवायला आलीस."

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "त्यांनी बेथनी पडली म्हटलं म्हणून."

ती आता खोलीचं दार लावून घेते. मी ठोठावते. कधी ये म्हणते, कधी नाही म्हणते. नाही म्हणाली की मी परत फिरते. आमचं सध्या एवढंच नातं आहे, आणि ते खरं आहे म्हणून मी त्याला जपते.

रविवारी एकनाथ एका लहान चर्चला जातो. तिथले म्हातारे पास्टर पुटपुटतात, कोणी फारसं ऐकत नाही, त्याला बरं वाटतं. मीही जाते. गाणी होईपर्यंत आत बसते. उपदेश सुरू झाला की बाहेर गाडीत जाऊन बसते. देव नाही असं मी म्हणत नाही. कोणीतरी उंचावर उभं राहून मला काय करायचं ते सांगायला लागलं की मला बेथनीचा फ्रॉक दिसतो.

आता तुझ्याबद्दल.

तू लिहिलंस, कॅसेटी जाळल्या, पट्टी मोडली, देवापाशी पदर पसरला, क्षमा झाली अशी खात्री वाटते, आता हा विषय बंद करू. दादा, तू क्षमा मागितलीस ती ज्याला पाय ओढावा लागत नाही त्याच्याकडे. राहेल अजून तुझे उपकार मानते. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून तुझा उपदेश ऐकते आणि मान डोलावते. ते तुझ्याने कसं बघवतं?

तू तिच्याकडे जा. शामवेल समोर असताना सांग. मग रविवारी मंडळीपुढे उभा राहा आणि उपदेश करू नकोस. शास्त्र काढू नकोस, दाखला देऊ नकोस, डोळे मिटू नकोस. काय केलंस ते सांग, कशाने, कितीदा, आणि नंतर काय खोटं बोललास. मग खाली उतर. लोक काय करतील ते मला माहीत नाही. शिव्या देतील, बोर्डिंग काढून घेतील, पोलिसांत देतील. माझ्या अंगावर दगड आले, तुझ्याही येतील. नाहीच आले तर मात्र मला भीती वाटेल.

तू हे टाळशील हे मला ठाऊक आहे, कारण मीही वर्षभर टाळलं. म्हणून मी राहेललाही पत्र लिहिलं आहे. सगळं, सोप्या मराठीत, माझ्या वह्यांचंही सांगून, तुझ्या नावानिशी. दोन्ही पत्रं आज एकाच पेटीत टाकते. तुझं बोर्डिंगला थेट येईल. तिच्या वाडीवर पोस्टमन बुधवारी आणि शनिवारीच जातो, म्हणजे तिचं दोन-तीन दिवस उशिरा पोचेल. चौथीनंतर तिचं वाचणं सुटलं, आता तिला वाचता येत नाही. कोणाला तरी बोलावून वाचून घेईल, आणि जो वाचेल तो मोठ्याने वाचेल.

दोन-तीन दिवस आहेत तुझ्याकडे. हे पत्र घडी करून ठेवू नकोस. चपला घाल आणि नीघ.

दीपाची आई, आणि अजूनही तुझी बहीण,
विनीता